एक प्रिंटर, दोन ड्रायव्हर

'ट्राइंग टू ओव्हरराइट', मग एका फाइलचा लांबलचक पत्ता, आणि शेवटी 'विच इज ऑल्सो इन पॅकेज' म्हणत दुसऱ्याच पॅकेजचं नाव. उबुंटू, डेबियन किंवा लिनक्स मिंटवर प्रिंटरचा ड्रायव्हर बसवताना हा संदेश आला, की लोक सहसा दोनपैकी एक मार्ग धरतात. एकतर कुठेतरी सापडलेली 'फोर्स'वाली कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतात, नाहीतर कंपनीच्या साइटवरून आणखी एक ड्रायव्हर उतरवतात. पहिल्या उपायाने संदेश गप्प होतो आणि दुसऱ्याने मशीनवर तिसरा ड्रायव्हर येतो. कागद मात्र कोराच राहतो.

वास्तविक हा संदेश फार उपयोगाचा आहे. भांडण कोणत्या फाइलवरून आहे आणि ती आधीपासून कोणाच्या नावावर आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. तो वाचायचा कसा आणि त्यानंतर काय काढायचं, हे या लेखात पाहू. 'काय बसवायचं' याआधी 'काय काढायचं' हा प्रश्न मुद्दामच घेतला आहे, कारण लिनक्सवर अडलेले प्रिंटर बहुतांशी ड्रायव्हर नसल्यामुळे नाही, तर एकाहून अधिक ड्रायव्हर असल्यामुळे अडलेले असतात.

एक सोय आधी सांगतो. इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. जिथे 'मोठा' असं लिहिलं आहे, तिथेच कॅपिटल अक्षर. काहीही बदलणाऱ्या कमांडच्या आधी 'सुडो' लागतं, ते दर वेळी लिहिलेलं नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करा: तुमच्या प्रिंटरला ड्रायव्हरची गरज तरी आहे का? 2010 मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं. त्याच धर्तीवर पुढे आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं मानक आलं. फोनवरून छापता येणारे प्रिंटर बहुधा यांपैकी एखादी भाषा बोलतात, आणि लिनक्सची छपाई यंत्रणा, म्हणजे कप्स, तीच भाषा जाणते. असा प्रिंटर वायफायवर असेल तर काहीही न बसवता तो यादीत दिसतो. यूएसबीने जोडला असेल तर 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा मध्ये उभी राहते आणि प्रिंटर नेटवर्कवरच आहे असं कप्सला भासवते. डेबियनमध्ये ही सोय 2021 च्या अकराव्या आवृत्तीपासून आहे. टर्मिनलमध्ये 'ड्रायव्हरलेस' एवढी एकच कमांड द्या. उत्तरात 'आयपीपी'ने सुरू होणारा पत्ता आणि तुमच्या प्रिंटरचं नाव आलं, तर कंपनीचं पॅकेज विसरून जा. तुमची अडचण बहुधा तिथेच संपते.

गंमत अशी, की याच सोयीतून एक नवं भांडण निघालं. आयपीपी-यूएसबी चालू असताना प्रिंटरची यूएसबी वाट ती सेवा धरून ठेवते. मग त्याच प्रिंटरसाठी तुम्ही कंपनीचा जुना ड्रायव्हर बसवला, तर तो यूएसबीवर प्रिंटर शोधत बसतो आणि त्याला काहीच सापडत नाही. पॅकेज दोन्ही व्यवस्थित बसलेली, त्रुटीचा संदेश एकही नाही, आणि क्यूमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, मात्र 'वेटिंग फॉर प्रिंटर'. इथे दोघांपैकी एकाला निवडावं लागतं. माझा कल आयपीपीकडे आहे. पण कंपनीच्या ड्रायव्हरमधली एखादी खास सोय तुम्हाला हवीच असेल, तर 'सिस्टिमसीटीएल मास्क आयपीपी-यूएसबी' अशी कमांड देऊन ती सेवा बंद करा, प्रिंटरची केबल काढून पुन्हा लावा आणि मग क्यू तयार करा.

आता ज्यांना ड्रायव्हर लागतोच, त्यांच्याकडे वळू. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत, वकिलांच्या आणि करसल्लागारांच्या टेबलांवर अजून ठाण मांडून असलेले एचपी लेझरजेट 1020 आणि कॅनन एलबीपी 2900 हे याच वर्गातले. या प्रिंटरांत स्वतःचं डोकं जवळजवळ नाही. पानाचं चित्र तयार करण्याचं सगळं काम संगणकाने करायचं आणि प्रिंटरने फक्त टोनर उमटवायचा, अशी त्यांची रचना. स्वस्तात मिळाले ते त्यामुळेच, आणि ड्रायव्हरविना अडून बसतात तेही त्यामुळेच.

भांडण तीन ठिकाणी होऊ शकतं. फाइलवरून, अवलंबित्वावरून किंवा थेट प्रिंटरच्या ताब्यावरून. तिन्हींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे.

फाइलवरचं भांडण ओळखायला सर्वांत सोपं. डेबियन कुळातल्या प्रत्येक लिनक्सवर 'डीपीकेजी' हा पॅकेजांचा कारभारी असतो. मशीनवरची कोणती फाइल कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे, याचा सात-बारा त्याच्याकडे असतो, आणि एका फाइलला दोन मालक तो सहसा मान्य करत नाही. संदेशात आलेला पत्ता उचला आणि 'डीपीकेजी डॅश मोठा एस' यापुढे तो पत्ता द्या. मालक पॅकेजचं नाव येईल. 'नो पाथ फाउंड' असं उत्तर आलं, तर ती फाइल कोणत्याही पॅकेजने आणलेलीच नाही. कधीतरी चालवलेल्या एखाद्या इन्स्टॉलर स्क्रिप्टने ती तिथे टाकली आहे. ही दुसरी शक्यता लक्षात असू द्या, ती पुढे लागणार आहे.

मग छपाईशी संबंधित काय काय बसवलेलं आहे ते पाहा. 'डीपीकेजी डॅश एल' (हा छोटा एल) दिल्यावर लांब यादी येते. त्यात 'प्रिंटर-ड्रायव्हर'ने सुरू होणारी नावं शोधा, आणि तुमच्या कंपनीच्या नावाची किंवा मॉडेलच्या आकड्याची पॅकेजही शोधा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. 'आय आय' म्हणजे सगळं ठीक. 'आर सी' म्हणजे पॅकेज काढलं, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहिल्या. 'आय एफ' किंवा 'आय यू' म्हणजे बसवणं मध्येच अडकलं आहे. असं अर्धवट पॅकेज मशीनवर असेपर्यंत एप्ट, म्हणजे लिनक्सच्या भांडारातून पॅकेज आणून बसवणारा प्रोग्राम, तुम्हाला दुसरं काहीही धड बसवू देत नाही, म्हणून पहिली सफाई त्याची.

त्या सफाईचा क्रम ठरलेला आहे. आधी 'डीपीकेजी डबल डॅश कॉन्फिगर डॅश ए', मग 'एप्ट डबल डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. एप्ट काय काय काढणार याची यादी दाखवून विचारतो, तेव्हा घाईने होकार देऊ नका. यादीत एकदोन ड्रायव्हरांची नावं असतील तर ठीक. 'लिबकप्स'चं नाव दिसलं तर तिथेच थांबा, कारण त्या लायब्ररीवर अर्धा डेस्कटॉप उभा असतो आणि ती गेली की लिबरऑफिससकट बरंच काही जातं. याच कारणाने 'एप्ट पर्ज कप्स' लिहून पुढे तारांकन लावायचा मोह टाळावा. नावं एकेक करून द्या, आणि त्याआधी 'डॅश एस' लावून तीच कमांड नुसती नाटकापुरती चालवून पाहा. त्यात प्रत्यक्षात काही बदलत नाही, फक्त यादी दिसते.

'लॉक' धरलं असल्याचा संदेश आला, तर मागे स्वयंचलित अपडेट चालू असण्याचा संभव जास्त. चहा घेऊन या. लॉकची फाइल हाताने पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने अपडेट मधोमध तुटतं आणि छोट्या दुखण्याचं मोठं होतं.

काही पॅकेज मात्र बसतही नाहीत आणि निघतही नाहीत. ब्रदरच्या जुन्या ड्रायव्हरांबाबत हे बऱ्याचदा घडतं. त्यांचे दोन तुकडे असतात, नावाच्या शेवटी 'एलपीआर' असलेला आणि 'कप्सरॅपर' असलेला. दुसरा तुकडा बसता बसता स्वतःच क्यू तयार करू पाहतो. त्या वेळी कप्स बंद असेल, किंवा 'व्हार' खालच्या 'स्पूल'मध्ये 'एलपीडी' नावाचा फोल्डर नसेल, तर स्क्रिप्ट अपयशी ठरते आणि पॅकेज अर्धवट लटकतं. फोल्डर आधी तयार करून मग बसवलं तर हेच पॅकेज निमूट बसतं. लटकलेलं पॅकेज काढायला 'डीपीकेजी डबल डॅश रिमूव्ह डबल डॅश फोर्स-रिमूव्ह-रीइन्स्टरेक' आणि पुढे पॅकेजचं नाव, अशी कमांड आहे. 'फोर्स' शब्द वापरण्याची मुभा मी देतो ती इथे, कारण इथे फक्त काढायचं आहे. ब्रदरच्या सूचनांत बसवतानाच 'फोर्स-ऑल' लावायला सांगितलेलं असायचं. ते करू नका. त्या एका शब्दाने डीपीकेजीच्या सगळ्या हरकती एकदम धुडकावल्या जातात आणि खरी अडचण काय होती हे कळायचा मार्गच बंद होतो. शिवाय ब्रदरच्या बऱ्याच लेझर प्रिंटरांसाठी 'प्रिंटर-ड्रायव्हर-बीआरलेझर' हे खुलं पॅकेज डेबियन आणि उबुंटूच्या भांडारातच आहे. आधी ते वापरून पाहा.

अवलंबित्वाचं भांडण वेगळं. संदेशात 'अनमेट डिपेंडन्सीज' असतं आणि पॅकेज अशी एखादी गोष्ट मागत असतं, जी भांडारात नाही. एप्सनच्या जुन्या पॅकेजांची मागणी 'एलएसबी' या पॅकेजची असते. सगळ्या लिनक्सांनी एका मानकाला धरून राहावं या हेतूने ते आलं होतं, पण डेबियनने 2015 मध्ये त्याचा नाद सोडला. त्यामुळे ते पॅकेज शोधत फिरण्यात अर्थ नाही. 'प्रिंटर-ड्रायव्हर-ईएससीपीआर' हे भांडारातलं पॅकेज एप्सनच्या पुष्कळ इंकजेटना पुरतं. ते आणि एप्सनच्या साइटवरचं, दोन्ही एकत्र ठेवू नका. क्यू बनवताना यादीत एकाच मॉडेलची दोन नावं दिसतात आणि आपण कोणतं निवडलं हे पुढे आठवत नाही.

याच गटात 32 बिटचा प्रश्न येतो. कॅनन आणि ब्रदरचे कित्येक जुने ड्रायव्हर 32 बिटच्या काळात बनले आणि त्यांचे मूळ प्रोग्राम कंपनीने खुले केले नाहीत, त्यामुळे ते नव्याने बांधताही येत नाहीत. 64 बिटच्या मशीनवर त्यांना 32 बिटच्या लायब्ररी लागतात. 'डीपीकेजी डबल डॅश ॲड-आर्किटेक्चर आय386', त्यानंतर 'एप्ट अपडेट', आणि मग 'लिबसी6' व 'लिबपॉप्ट0' या दोन्हींच्या पुढे कोलन आणि आय386 लावून बसवायच्या. हे न करता ड्रायव्हर बसवला तर काही वेळा तो बिनतक्रार बसतो आणि छापताना 'फिल्टर फेल्ड' म्हणतो (फिल्टर म्हणजे पान प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम). फाइल डोळ्यांसमोर असते, तरी ती 'सापडत नाही' असं लॉगमध्ये दिसतं. न सापडणारी असते ती तिची 32 बिटची लायब्ररी. आणि रास्पबेरी पायवर हे ड्रायव्हर चालवायचा बेत असेल तर तो सोडून द्या. त्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे.

तिसरं, प्रिंटरच्या ताब्याचं भांडण सर्वांत चकवणारं, आणि लेझरजेट 1020 हा त्याचा मासला. या प्रिंटरचं फर्मवेअर त्याच्या पोटात कायमचं राहत नाही. दर वेळी बटण दाबून चालू केला, की संगणकाने ते नव्याने पाठवायचं. हे काम करायला दोन उमेदवार आहेत. एक एचपीचं स्वतःचं एचपीलिप, दुसरं 'फू2झेडजेएस' हे स्वतंत्र खुलं पॅकेज. दोघांनीही यंत्रणेत नियम नोंदवून ठेवलेला असतो, की 1020 जोडला गेला की मला उठवा. दोन्ही पॅकेज मशीनवर असली, तर प्रिंटर चालू करताच दोघं एकदम धावतात. म्हणून सकाळी चाललेला प्रिंटर दुपारी वीज जाऊन आल्यावर बंद पडतो, संध्याकाळी पुन्हा चालतो, आणि दोष केबलला दिला जातो.

माझी शिफारस एचपीलिपची आहे. 'एप्ट पर्ज प्रिंटर-ड्रायव्हर-फू2झेडजेएस' अशी कमांड द्या. पर्जच हवं, नुसतं रिमूव्ह नको, कारण रिमूव्हने सेटिंगच्या फाइली मागे राहतात. मग 'एचपी-प्लगइन' चालवा. फर्मवेअर एचपीच्या मालकीचं असल्याने ते भांडारात नसतं, या कमांडने ते वेगळं उतरतं. इथे एक अट फार कडक आहे: प्लगइनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती अगदी तंतोतंत एकच लागते. उबुंटूची नवी आवृत्ती घेतल्यावर एचपीलिप बदलतं, प्लगइन जुनंच राहतं आणि 1020 गप्प होतो. त्यात बिघाड काहीच नाही, 'एचपी-प्लगइन' पुन्हा एकदा चालवायची एवढंच.

एचपीच्या साइटवरून शेवटी 'रन' असलेली फाइल उतरवून कोणी एचपीलिप बसवलं असेल, तर मात्र घोळ खोल असतो. ती फाइल म्हणजे पॅकेज नव्हे, इन्स्टॉलर स्क्रिप्ट. तिने टाकलेल्या फाइलींची डीपीकेजीकडे नोंदच नसते. मघाशी म्हटलेलं 'नो पाथ फाउंड' इथे दिसतं. पुढच्या अपडेटला भांडारातलं एचपीलिप त्यातल्या काही फाइलींवर बसतं, काही तशाच राहतात, आणि एका ड्रायव्हरचं धड दुसऱ्याच्या डोक्याला जोडलं जातं. आधी 'एचपी-अनइन्स्टॉल' चालवा, मग 'एप्ट इन्स्टॉल डबल डॅश रीइन्स्टॉल एचपीलिप', आणि शेवटी 'एचपी-चेक'. ही तिसरी कमांड काय कमी आहे ते सविस्तर सांगते. सॅमसंगच्या जुन्या लेझर प्रिंटरांचा युनिफाइड ड्रायव्हरही असाच स्क्रिप्टने बसतो. सॅमसंगचा प्रिंटर व्यवसाय 2017 मध्ये एचपीने घेतला, पण तो ड्रायव्हर काढायचा असेल तर एचपीची साधनं उपयोगाची नाहीत. ज्या फोल्डरमधून तो बसवला, त्यातलीच 'अनइन्स्टॉल' स्क्रिप्ट चालवावी लागते. म्हणून तो फोल्डर पुसू नका.

इतकं सगळं निस्तरल्यावरही प्रिंट येत नाही, अशी तक्रार हमखास असते. कारण क्यू जुनाच असतो. तुम्ही प्रिंटर जोडता तेव्हा कप्स त्या मॉडेलची वर्णनाची फाइल, म्हणजे पीपीडी, 'ईटीसी' खालच्या 'कप्स'मधल्या 'पीपीडी' फोल्डरात स्वतःसाठी उतरवून ठेवतो. ड्रायव्हरचं पॅकेज तुम्ही काढलंत तरी ही प्रत तिथेच राहते, आणि तिच्यात आता अस्तित्वात नसलेल्या फिल्टरचं नाव असतं. 'फिल्टर फेल्ड' या संदेशाचं हे सर्वांत सामान्य मूळ. ड्रायव्हरची साफसफाई झाली की जुना क्यू काढून नवा करायचाच, यात सवलत नाही. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट कोलन 631' हा पत्ता उघडला की कप्सचं स्वतःचं पान येतं. 'ॲडमिनिस्ट्रेशन'मधून जुना प्रिंटर डिलीट करा आणि नवा जोडा. डेस्कटॉपच्या सेटिंगपेक्षा हे पान मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण कोणता ड्रायव्हर निवडला जातोय ते तिथे लपत नाही.

तरीही अडलंच, तर 'कप्ससीटीएल डबल डॅश डीबग-लॉगिंग' देऊन एकच पान छापायला टाका आणि 'व्हार', 'लॉग', 'कप्स' या वाटेने जाऊन 'एरर लॉग' ही फाइल उघडा. शेवटच्या शंभरेक ओळींत कोणता फिल्टर सुरू झाला आणि कोणता कशामुळे थांबला, ते नावानिशी सापडतं. काम झालं की 'नो-डीबग-लॉगिंग' करायला विसरू नका, नाहीतर ती फाइल फुगत जाते.

चाचणीच्या पानावर मराठी मजकूर छापून पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जोडाक्षरं तुटली, वेलांट्या सरकल्या, तर ड्रायव्हर बदलू नका. अक्षरं जुळवण्याचं काम लिबरऑफिस किंवा ब्राउझरमध्येच पुरं होतं. कप्सकडे येते ती पीडीएफ, आणि 1020 सारख्या प्रिंटरपर्यंत पोचतं ते नुसतं ठिपक्यांचं चित्र. ड्रायव्हरला 'क्ष' आणि 'ज्ञ' यांतला फरक ठाऊकच नसतो. आधी पीडीएफ करून पडद्यावर पाहा. तिथेच तुटलं असेल तर दोष फाँटचा. पडद्यावर ठीक आणि कागदावर बिघडलेलं असेल, तर ऑक्युलर या पीडीएफ पाहण्याच्या प्रोग्राममधून छापताना 'फोर्स रास्टरायझेशन' निवडा.

जुळून आलेलं पुढच्या अपडेटमध्ये बिघडू नये यासाठी 'एप्ट-मार्क होल्ड' यापुढे ड्रायव्हरच्या पॅकेजचं नाव द्यावं, म्हणजे ते पॅकेज आहे त्या आवृत्तीवर थांबतं. कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या डेब फाइलीही एका फोल्डरात जपून ठेवा. जुन्या मॉडेलांची पानं साइटवरून नाहीशी होतात. कप्सच्या तिसऱ्या मोठ्या आवृत्तीत पीपीडीवर चालणारे ड्रायव्हर थेट चालणार नाहीत, असं तिच्या कर्त्यांनी जाहीर केलेलं आहे. त्यांच्या जागी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' नावाचे छोटे प्रोग्राम येत आहेत, जे जुन्या प्रिंटरला नव्या भाषेत बोलतं करतात. एचपीलिपचं असं ॲप्लिकेशन स्नॅपच्या रूपात आजही मिळतं.

एलबीपी 2900 वाल्यांनी त्यासाठी थांबू नये. कॅननचा ड्रायव्हर 'सीसीपीडी' नावाच्या स्वतःच्या सेवेवर चालतो आणि ती सेवा नव्या लिनक्सशी वरचेवर कुरबुर करते. 'कॅप्टड्रायव्हर' हा खुला पर्याय आहे, पण तो स्वतः बांधून घ्यावा लागतो. तेवढा खटाटोप नको असेल, तर जिथे हा प्रिंटर आज सुरळीत चालतो ते जुनं मशीन तसंच राहू द्या, त्याला नवं लिनक्स देऊ नका आणि इंटरनेटपासून दूर ठेवा. त्यावरच्या कप्सच्या पानात 'शेअर प्रिंटर्स' चालू करा. घरातल्या किंवा ऑफिसातल्या बाकीच्या लिनक्स मशीनना तो नेटवर्कवर दिसतो, आणि त्यांच्यावर कॅननचं एकही पॅकेज बसवावं लागत नाही.